'जाहीर करणे'साठी इंग्रजीत नेमकं क्रियापद कसं निवडायचं

मराठीत 'जाहीर करणे' या एका क्रियापदावर केवढा भार आहे पाहा. निकाल जाहीर होतो, युद्ध जाहीर होतं, आकडेवारी जाहीर होते, कुणी आपले हितसंबंध जाहीर करतं, कुणी निवृत्ती. वाचणारा कुठेच अडत नाही, कारण उरलेला अर्थ संदर्भातून कळतो. इंग्रजीत मात्र निकाल 'अनाउन्स' होतो, युद्ध 'डिक्लेअर', आकडेवारी 'रिलीज' आणि हितसंबंध 'डिस्क्लोज'. दोन भाषांचा शब्दकोश या सगळ्यांपुढे 'जाहीर करणे, घोषित करणे, प्रकट करणे' असे तेच तीन अर्थ छापतो, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

ही क्रियापदं एकमेकांच्या जागी बसत नाहीत. प्रत्येक क्रियापद आणखी एक गोष्ट न बोलता सांगून जातं: माहिती आधी कोणत्या अवस्थेत होती. ती दडवलेली होती, की नुसतीच कुणाला ठाऊक नव्हती, की तोंडातून शब्द निघेपर्यंत ती अस्तित्वातच नव्हती? क्रियापद चुकलं तर वाक्याचं व्याकरण शाबूत राहतं, पण तुमच्या मनात नसलेला आरोप कागदावर उमटतो.

जवळ काय ठेवाल

• इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी. अर्थाच्या आधी क्रियापदाची रचना बघा: त्यापुढे थेट माणूस येतो, 'टू' येतं की 'दॅट' येतं.
• कोलोकेशन डिक्शनरी. यात नाम शोधायचं. 'स्टेटमेंट' काढलं की 'इश्यू', 'रिलीज', 'मेक' ही त्याची सोबती क्रियापदं मिळतात.
• वही. तिच्यात 'डिक्लेअर म्हणजे घोषित करणे' असं लिहू नका. 'डिक्लेअर वॉर', 'इश्यू अ वॉर्निंग' अशा जोड्या लिहा.
• थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, सर्वांत शेवटी, आणि तोही फक्त माहीत असलेला शब्द आठवण्यासाठी. नवीन शब्द थिसॉरसमधून उचलून थेट वाक्यात बसवला की बहुतेक वेळा फसगत होते.

१. आधी विचारा: ही माहिती याआधी कुठे होती?

लिहायला बसण्यापूर्वी या प्रश्नाचं उत्तर ठरवा. गुपित होती किंवा मोजक्या लोकांपुरती होती, तर पायरी २. बोलण्यामुळेच ती खरी होणार असेल, तर पायरी ३. समारंभाने सर्वांच्या कानावर घालायची असेल, तर पायरी ४. ठरलेली होती, दडवलेली नव्हती, फक्त लोकांना सांगायची राहिली होती, तर पायरी ५. कागदावर किंवा पडद्यावर कुणालाही वाचता यावी अशी ठेवायची असेल, तर पायरी ६. आधीच उघड आहे, पण जास्त लोकांपर्यंत पोहोचवायची आहे, तर पायरी ७.

२. गुपित असेल, तर कुणी उघडलं आणि कोणत्या अधिकाराने?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू. एकच वाक्य घ्या: 'कंपनीने औषधाचे दुष्परिणाम जाहीर केले.' आता क्रियापद बदलत जा.

'डिस्क्लोज्ड' लिहिलं तर अर्थ असा: माहिती कंपनीकडे होती, इतरांकडे नव्हती, आणि कंपनीने ती पुढे ठेवली. बहुधा कायद्याने, कराराने किंवा नियमाने तशी अपेक्षा असते. सूर कोरडा, कार्यालयीन. दोषही नाही, कौतुकही नाही.

'रिव्हील्ड' लिहिलं की पडदा सरकतो. या शब्दाच्या लॅटिन मुळात पडदाच आहे, 'वेलम'. वाचणाऱ्याला वाटतं, म्हणजे इतके दिवस झाकून ठेवलं होतं तर! कंपनीने काही झाकलं नसेल, तर हा शब्द तिच्यावर अन्याय करतो.

'ॲडमिटेड' म्हणजे कबूल केलं. आधी कुणीतरी बोट दाखवलेलं होतं, कंपनी टाळत होती, आता मान्य केलं. केवळ 'मान्य केले'चं भाषांतर म्हणून हा शब्द टाकू नका, त्याच्यात दोष गृहीत आहे.

'अनाउन्स्ड' इथे विचित्र वाटतं. दुष्परिणाम ही काही ठरवलेली योजना नव्हे. कंपनी औषध परत मागवण्याचा निर्णय 'अनाउन्स' करेल, दुष्परिणाम 'डिस्क्लोज' करेल.

'पब्लिसाइज्ड' म्हणजे जास्तीत जास्त लोकांना कळावं म्हणून प्रयत्न केला. कंपनीने मुद्दाम सगळीकडे सूचना लावल्या असतील, तर हा शब्द तिला न्याय देतो.

'रिव्हील' आणि 'डिस्क्लोज' यांत व्याकरणाच्या अंगानेही फरक आहे. 'रिव्हील'चा कर्ता निर्जीव वस्तू सहज होते: 'द एक्स-रे रिव्हील्ड अ फ्रॅक्चर', 'द सर्व्हे रिव्हील्ड दॅट...'. 'डिस्क्लोज'चा कर्ता बहुधा माणूस, संस्था किंवा तिचा दस्तऐवज असतो, कारण त्यात स्वतःहून सांगण्याची जबाबदारी आहे. म्हणून कराराला 'नॉन-डिस्क्लोजर अॅग्रीमेंट' म्हणतात आणि हितसंबंध सांगण्याला 'डिस्क्लोज अ कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट'.

इथला एक सापळा: 'डिस्क्लोज' म्हणजे सगळ्या जगाला सांगणं असं नव्हे. एकाच माणसाला सांगितलं तरी ते 'डिस्क्लोज' होतं. पेटंटच्या अर्जात शोधाची पूर्ण माहिती द्यावी लागते, तिला 'डिस्क्लोजर' म्हणतात. युरोपीय पेटंट कार्यालय तो अर्ज साधारणपणे पहिल्या दाखल तारखेपासून १८ महिन्यांनी 'पब्लिश' करतं. आधी कार्यालयाला सांगणं, मग सर्वांना वाचू देणं, अशा या दोन वेगळ्या क्रिया आहेत. तुम्हाला 'सर्वांना' हेच म्हणायचं असेल तर 'पब्लिकली डिस्क्लोज्ड' किंवा सरळ 'मेड पब्लिक' लिहा.

याच घरातले आणखी तीन शब्द. 'डायव्हल्ज' हा बहुधा नकारात येतो: 'रिफ्यूज्ड टू डायव्हल्ज द नेम'. होकारात तो जड आणि पुस्तकी वाटतो. 'लीक' म्हणजे अधिकार नसताना बाहेर काढणं. कंपनीने स्वतः अधिकृतपणे दिलेल्या बातमीला 'लीक' म्हणता येत नाही. 'एक्सपोज' म्हणजे गैरप्रकार चव्हाट्यावर आणणं. चांगली गोष्ट 'एक्सपोज' होत नाही. आणि मराठी बातम्यांतला 'गौप्यस्फोट' इंग्रजीत न्यायचा असेल तर 'रिव्हेलेशन' पुरतं. स्फोट शब्दशः नेऊ नका.

३. बोलल्यानेच गोष्ट घडते का? मग 'डिक्लेअर'

कर्णधार डाव घोषित करतो तेव्हा तो आधीच संपलेल्या डावाची बातमी देत नसतो. त्याने म्हटलं म्हणून डाव संपतो. अशा क्रियापदांना 'परफॉर्मेटिव्ह' म्हणतात. ही संज्ञा ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी रूढ केली. ओळखण्याची खूण सोपी: क्रियापदाआधी 'आय हिअरबाय', म्हणजे 'मी याद्वारे', लावून बघा. 'आय हिअरबाय डिक्लेअर' चालतं, 'आय हिअरबाय रिव्हील' हास्यास्पद होतं.

याच कारणाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे 'डिक्लेअर' जातं आणि बातमीदाराकडे 'रिपोर्ट'. परीक्षेचा निकाल 'अनाउन्स' होतो, कारण गुण आधीच लागलेले असतात.

'डिक्लेअर'च्या रचना पाठच करा:

• 'डिक्लेअर वॉर ऑन' एखाद्या देशावर. 'टू' नाही.
• कर्म आणि विशेषण: 'दे डिक्लेअर्ड द बिल्डिंग अनसेफ'. मध्ये 'ॲज' घुसडू नका. मराठीतलं 'म्हणून घोषित केलं' इथे फसवतं.
• कर्म आणि नाम: 'डिक्लेअर्ड हर द विनर'. इथेही 'ॲज' नको.
• कर्माविना: क्रिकेटमध्ये 'द कॅप्टन डिक्लेअर्ड' एवढंच पुरतं. धावसंख्या द्यायची तर 'डिक्लेअर्ड ॲट ४५० फॉर ६'.
• सीमाशुल्काच्या खिडकीवर 'एनिथिंग टू डिक्लेअर?' म्हणजे शुल्क लागणारं किंवा बंधन असलेलं काही जवळ आहे का. तुमची काही घोषणा आहे का, असं कुणी विचारत नसतं.

'मृत घोषित केलं' याला दोन वाटा आहेत. डॉक्टर तपासून सांगतो तेव्हा 'प्रोनाउन्स्ड डेड' जास्त रूढ. बेपत्ता माणसाला न्यायालय मृत मानतं तेव्हा 'डिक्लेअर्ड डेड'.

४. दवंडी पिटायची असेल तर 'प्रोक्लेम'

'डिक्लेअर'च्या मुळात 'स्पष्ट' हा अर्थ आहे, 'प्रोक्लेम'च्या मुळात ओरडून सांगणं. दवंडीचा आवाज डोक्यात ठेवला तर 'प्रोक्लेम' कधी चुकत नाही. राणी एलिझाबेथ दुसरी ८ सप्टेंबर २०२२ रोजी वारल्या त्याच क्षणी चार्ल्स तिसरे राजे झाले. लंडनच्या सेंट जेम्सेस राजवाड्यात त्यांच्या नावाचं 'प्रोक्लमेशन' वाचलं गेलं १० सप्टेंबरला. राजेपद आधीच आलं होतं, नंतर ते समारंभाने सर्वांच्या कानावर घातलं गेलं.

ही क्रियापदं एकाच घटनेत ओळीने उभी असलेली पाहायची असतील तर अमेरिकेचं स्वातंत्र्य घ्या. तिथल्या वसाहतींच्या काँग्रेसने स्वातंत्र्याच्या घोषणेचा मजकूर मंजूर केला ४ जुलै १७७६ ला: 'डिक्लेअर्ड'. त्याच रात्री फिलाडेल्फियातील मुद्रक जॉन डनलॅप याने तो छापायला घेतला: 'प्रिंटेड', आणि प्रती बाहेर गेल्यावर 'पब्लिश्ड'. ८ जुलैला फिलाडेल्फियात तो लोकांसमोर मोठ्याने वाचला: 'प्रोक्लेम्ड'. काँग्रेसच्या आदेशातही हाच शब्द होता, की हे सर्व राज्यांत आणि सैन्यापुढे 'प्रोक्लेम' व्हावं. ऑगस्टमध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांत आलं: 'रिपोर्टेड'. डनलॅपच्या प्रतीवर मात्र सगळ्या सही करणाऱ्यांची नावं नव्हती. ती छापून बाहेर आली जानेवारी १७७७ मध्ये: 'मेड पब्लिक'. मराठीत या साऱ्याला 'जाहीर झालं' म्हणून मोकळं होता येतं. इंग्रजीत यातले दोन शब्द अदलाबदल केले तर इतिहासच बदलतो.

'जाहीरनामा' हा आपला शब्द भाषांतरात तीन दिशांना जातो, तो नीट लक्षात ठेवा. मानवी हक्कांचा जाहीरनामा, १० डिसेंबर १९४८, हा 'डिक्लेरेशन'. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा हा 'प्रोक्लमेशन'. राजकीय पक्षाचा निवडणुकीतला जाहीरनामा 'मॅनिफेस्टो'.

स्पेलिंगचा सापळा: 'प्रोक्लेम'मध्ये 'ए'नंतर 'आय' आहे, 'प्रोक्लमेशन'मध्ये तो 'आय' गळतो. हाच प्रकार 'एक्सप्लेन' आणि 'एक्सप्लनेशन' यांचा.

'प्रॉमल्गेट' कायद्यापुरता ठेवा: कायदा, अध्यादेश किंवा नियम रीतसर प्रसिद्ध करून अंमलात आणणं. सुट्टीच्या पत्रकाला हा शब्द लावला तर पत्रक हास्यास्पद दिसतं.

५. 'अनाउन्स' वापरताना 'टू' विसरू नका

ठरलेलं, पण अजून लोकांना न सांगितलेलं काही सांगायचं असेल तर 'अनाउन्स' हा सर्वांत सुरक्षित शब्द. योजना, विजेता, निवृत्ती, साखरपुडा, वेळापत्रक, सगळं त्यात बसतं. चुका अर्थाच्या बाबतीत होत नाहीत, रचनेत होतात. त्या तीन आहेत.

पहिली, माणूस थेट मागे लावणं. 'ही अनाउन्स्ड अस दॅट' चूक, 'ही अनाउन्स्ड टू अस दॅट' बरोबर. 'डिक्लेअर', 'प्रोक्लेम', 'डिस्क्लोज', 'रिव्हील', 'डायव्हल्ज' यांनाही ऐकणाऱ्याआधी 'टू' लागतं. उलट 'टेल', 'इन्फॉर्म', 'नोटिफाय' यांना माणूस थेट चिकटतो, म्हणून 'इन्फॉर्म टू हिम' चूक. आपण 'त्याला' या एकाच रूपाने दोन्हीकडे भागवतो, त्यामुळे कान सांगत नाही. जोड्या पाठ करण्याला पर्याय नाही.

दुसरी, 'अबाउट'. 'योजनेविषयी घोषणा केली' यातून 'अनाउन्स्ड अबाउट द प्लॅन' येतं आणि ते चूक आहे. 'अनाउन्स्ड द प्लॅन' लिहा. नाम वापरलं तर मात्र 'ॲन अनाउन्समेंट अबाउट द प्लॅन' बिनधास्त चालतं.

तिसरी सर्वांत चिवट आहे, कारण वाक्य ऐकायला चांगलं लागतं: 'ही अनाउन्स्ड टू रिझाइन'. 'राजीनामा देण्याचं जाहीर केलं' याची ही सावली. 'अनाउन्स'नंतर असं क्रियापद येत नाही. 'ही अनाउन्स्ड दॅट ही वुड रिझाइन' किंवा 'ही अनाउन्स्ड हिज रेझिग्नेशन' लिहा.

६. कागदावर येणार असेल तर 'पब्लिश', 'रिलीज' की 'इश्यू'?

'पब्लिश' म्हणजे कुणालाही वाचता येईल अशा रूपात ठेवणं. पुस्तकच लागतं असं नाही, अहवाल, यादी, दरपत्रकही 'पब्लिश' होतं. कायद्यात मात्र शब्द आणखी ताणला जातो. इंग्रजी परंपरेच्या अब्रुनुकसानीच्या कायद्यात बदनामीकारक मजकूर, ज्याची बदनामी झाली त्याच्याखेरीज एका जरी माणसापर्यंत पोहोचला, तरी ते 'पब्लिकेशन' ठरतं. कायदेशीर मजकूर भाषांतरित करताना तिथे 'प्रकाशन' वाचून छापखाना शोधू नका.

'रिलीज' म्हणजे हातात धरून ठेवलेलं सोडणं: आकडेवारी, छायाचित्रं, नावं, चित्रपट. कधी सोडायचं यावर कुणाचा तरी ताबा होता, हे त्यातून कळतं. वृत्तसंस्थांना मजकूर आधी देऊन 'अमुक वेळेआधी छापू नका' अशी अट घालतात, त्या अटीला 'एम्बार्गो' म्हणतात.

'इश्यू' म्हणजे अधिकाराने काढणं. इशारा, आदेश, नोटीस, पारपत्र, खंडन हे सारं 'इश्यू' होतं. 'स्टेटमेंट' दोन्हीकडे चालतं. इशारा मात्र 'रिलीज' करू नका.

इथेच 'नोटिफाय' वेगळा काढून ठेवा, कारण मोबाइलवरच्या नोटिफिकेशनमुळे तो जाहीर करण्याचा शब्द वाटू लागला आहे. 'नोटिफाय' म्हणजे ठरावीक माणसांना कळवणं. अपघातानंतर येणारं एक वाक्य दोन्ही शब्द शेजारी ठेवतं: 'द नेम्स विल नॉट बी रिलीज्ड अंटिल द फॅमिलीज हॅव बीन नोटिफाइड'. घरच्यांना कळवल्याशिवाय नावं जाहीर होणार नाहीत. यात क्रियापदं उलटी झाली तर अर्थ क्रूर होतो.

७. आधीच उघड आहे, फक्त पसरवायचं आहे

'ब्रॉडकास्ट' मूळचा शेतातला शब्द: मूठभर बी हाताने चौफेर फेकणं. रेडिओ आला आणि १९२० च्या दशकात तो रेडिओलहरींना चिकटला. भूतकाळातही रूप 'ब्रॉडकास्ट' हेच ठेवा. 'ब्रॉडकास्टेड' आढळतं, पण संपादक ते खोडतात. बोलण्यात 'डोन्ट ब्रॉडकास्ट इट' म्हणजे बोभाटा करू नकोस.

'ॲडव्हर्टाइझ'मध्ये एक छोटा शब्द अर्थ उलटवतो. 'ॲडव्हर्टाइझ अ कार' म्हणजे गाडी विकायची आहे, 'ॲडव्हर्टाइझ फॉर अ कार' म्हणजे हवी आहे. 'डिसेमिनेट', म्हणजे माहितीचा प्रसार करणं, शास्त्रीय आणि शासकीय मजकुरातच शोभतो.

८. नाम वापरताना सोबतचं क्रियापद तपासा

मराठीत 'घोषणा करणे' आणि 'घोषणा देणे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि भाषांतरात तोच अंगावर येतो. घोषणा केली तर 'मेड ॲन अनाउन्समेंट'. घोषणा दिल्या तर 'शाउटेड स्लोगन्स'. 'गिव्ह ॲन अनाउन्समेंट' टाळा. 'डिक्लेरेशन' आणि 'डिस्क्लोजर' यांनाही 'मेक' लागतं, 'प्रोक्लमेशन' आणि 'वॉर्निंग' यांना 'इश्यू'.

९. पाठवण्याआधी एकदा नजर फिरवा

• 'रिव्हील' जिथे असेल तिथे विचारा: खरंच कुणी लपवलं होतं का? नसेल तर बदला. मथळे लिहिणारे तो शब्द सढळ हाताने वापरतात, कारण तो लहान आणि चटकदार आहे. पत्रव्यवहारात आणि अहवालात त्यांचं अनुकरण करू नका.
• 'अनाउन्स', 'डिस्क्लोज' आणि 'रिव्हील' यांच्यापुढे 'अबाउट' आलं असेल तर खोडा.
• 'डिक्लेअर'नंतर 'ॲज' आलं असेल तर खोडा.
• कर्ता नसलेल्या वाक्यात, म्हणजे 'इट वॉज अनाउन्स्ड दॅट' अशा रचनेत, जाहीर कुणी केलं ते आसपास कुठेतरी लिहिलंय का पाहा. वाचणाऱ्याला तेच हवं असतं.
• 'पब्लिकली'चं स्पेलिंग: 'पब्लिक'ला सरळ 'एल' आणि 'वाय' जोडायचं. मध्ये 'ए' आणि आणखी एक 'एल' येत नाही, 'बेसिकली'च्या चालीवर जाऊ नका.